वंशाचा मान

शिवणकामाच्या दोऱ्यामुळे स्कॉटलंडमधील पेझ्ली गावच्या कोट्स घराण्याचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांतील जॉर्ज कोट्स यांना १९१६ साली ‘बॅरन ग्लेन्टानर’ हा वंशपरंपरागत किताब मिळाला. १९७१ साली त्यांचे चिरंजीव वारले. त्यांना कन्या होती, पुत्र नव्हता; म्हणून किताब तेथेच संपला. आपल्या तंजावरच्या मराठी गादीचेही असेच झाले. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कन्या असूनही कंपनी सरकारने राजपद संपल्याचे ठरविले.

पुत्राअभावी जो मान नाहीसा होतो, तो माणसाचा होता की केवळ वंशाचा?

तंजावरजवळच्या कुंभकोणम येथे १८२८ साली एका मराठी कुटुंबात टी. माधवराव जन्मले. ते त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. १८७७ साली त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला, तो गादीमुळे नव्हे, कारभारामुळे. परंतु त्यांच्याच त्रावणकोरच्या दिवाणगिरीत वारशाची दुसरी बाजूही उघड झाली. तेथील नाडार स्त्रियांना, आणि त्यांत ख्रिस्ती भगिनीही होत्या, उच्चवर्णीयांप्रमाणे वस्त्राने छाती झाकण्याची मनाई जन्मानेच वाट्याला आली होती. दंगे झाले, मद्रासच्या गव्हर्नरांनी दडपण आणले, तेव्हा कोठे १८५९ साली अंग झाकण्याची मोकळीक देणारा जाहीरनामा निघाला. तरीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेण्यास बंदी राहिलीच.

जन्माने मान मिळतो हे एकदा मान्य केले, की जन्माने अपमान मिळतो हेही मान्य करावे लागते.

आपण यापासून मुक्त आहो काय? ‘आमचे घराणे जुने ख्रिस्ती’ असे आपणही अभिमानाने सांगतो. सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारतो. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे बुडाले असे आपण म्हणतो, ते लग्नाच्या बोलणीत पुन्हा वर येते. अब्राहामाच्या वंशाचा गर्व वाहणाऱ्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने दिलेला इशारा आपल्यालाही लागू आहे.

१८४८ साली दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने साताऱ्याची गादी खालसा केली. देवाच्या घरात मात्र आपण सर्व दत्तकच आहो, असे पौल शिकवितो. दत्तकाने आलेल्याने वंशाचा तोरा कशाला मिरवावा? आणि ज्याला पित्याने आपले म्हटले, त्याला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?