सामोरे आलेले बंधू

मुरगाव तालुक्यातील दाबोळी विमानतळापासून लंडनचे गॅटविक सरळ रेषेत सुमारे 7,570 किलोमीटर. ताशी 850 च्या वेगाने नऊ तास; प्रत्यक्ष मार्ग वळणाचा, म्हणून अधिकच. हिवाळ्यात तेथील घड्याळही साडेपाच तास मागे!

कैसरियाहून रोमला जाताना पौलाचे तारू फुटले, मिलिता बेटावर तीन महिने गेले (प्रे. कृ. 28). लूक मैल मोजत बसत नाही. पण रोमहून अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे सुमारे 65 किलोमीटर, सामोरे आलेले बंधू तो विसरत नाही. त्यांना पाहून पौलाला धीर आला.

बापाच्या मातीला धावत आलेल्या मुलाला आम्ही काय विचारतो? "किती तास लागले?" दाबोळीच्या दाराशी मंडळीतले दोघे तरी उभे असावेत, असे आम्हांस वाटते.