जमेची बाजू

आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी सायंकाळी घटकाभर उभे राहिले असता एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा शेकडा 85 भाग रोगाच्या सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा, असे फर्मान सरकारने 2016 पासून अमलात आणले; परंतु गिऱ्हाईक ते पाकीट घेते, अंगठा नेमका त्या चित्रावर ठेवते, आणि 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते' असा दाखला, कोणी मागितला नसताही, देऊन मोकळे होते.

या गृहस्थास अडाणी म्हणण्याची सोय नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील टाली शारोट आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावर विसंबायचे, तर तुमचेआमचे मस्तकही त्याच वळणाचे आहे. माणसांना 80 आपत्ती एकामागून एक सांगून, त्या आपल्यावर कोसळण्याचा संभव किती, हे विचारले. मग खरी सरासरी ऐकवून तोच प्रश्न पुन्हा केला. समजा, कर्करोगाचा संभव कोणी शेकडा 50 धरला आणि सरासरी 30 निघाली, तर तो खुशीने तिच्या जवळ उतरतो. ज्याने प्रारंभी 10 धरला होता तो मात्र तेच 30 ऐकून जेमतेम अकरा-बारावर सरकतो. मेंदूतला हा कारकून जमेची रक्कम तत्काळ खतावतो आणि खर्चाची चिठ्ठी दप्तराखाली सरकवतो. ज्यांचा स्वभाव विशेष आशावादी, त्यांच्या उजव्या ललाटखंडाच्या खालच्या वळीत अशुभ वार्तेची नोंदच क्षीण उमटली, असे मेंदू टिपणाऱ्या यंत्राने दाखवले.

हा हिशेब निर्विवाद नाही. 2016 मध्ये पुनीत शाह, अ‍ॅडम हॅरिस प्रभृतींनी असा आक्षेप घेतला की, मोजण्याची ही रीतच निःपक्षपाती बुद्धीच्याही माथी आशावाद मारते. आक्षेप वजनदार आहे, आणि मी तो खोडू शकत नाही. फक्त पानपट्टीवरचा तो अंगठा मला रोज दिसतो.

ज्याला दुसऱ्याचे मन वळवावयाचे आहे त्याने, मला वाटते, या कारकुनाशी भांडू नये. न्यूयॉर्क राज्यातील एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात, रुग्णाच्या खोलीत जातायेता कर्मचारी हात स्वच्छ करतात की नाही, हे कॅमेऱ्यांनी टिपले. 16 आठवडे केवळ टिपण चालले तेव्हा नियम पाळण्याचे प्रमाण शेकडा 10 च्याही आत राहिले. पुढे त्यांच्याच कामगिरीचे आकडे विजेच्या फलकावर वेळच्या वेळी झळकू लागताच ते 80 च्या वर गेले. हा गुण प्रशंसेचा की चारचौघांत उघडे पडण्याच्या धास्तीचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण मरणाची ताकीद देणाऱ्या भित्तिपत्रकांपेक्षा जमेच्या बाजूस चढत जाणारा आकडा माणसाला अधिक ओढतो, हे शारोट यांचे म्हणणे मला पटते. दामदुप्पट योजनांचे दलाल तर ते केव्हापासून जाणून आहेत!

हाच हात धुण्याचा आग्रह इग्नाझ सेमेलवाइसने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात 1847 साली धरला होता. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे जाणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरिनच्या पाण्यात हात धुवावयास लावले, आणि एप्रिलमध्ये शेकडा 18 च्या घरात असलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. एवढा उघड पुरावा असूनही बहुतेकांनी तो मानला नाही. आणि पुढे त्याने विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटले, तेव्हा उरलेसुरले कानही मिटले. त्याच्या उर्मटपणावर सारे खापर फोडण्याची प्रथा आहे, ती मला अपुरी वाटते. त्याचे आकडे मान्य करणे म्हणजे 'या बायका माझ्याच हातांनी मेल्या' ही रक्कम आपल्या नावे लिहून घेणे होते, आणि एवढी जड चिठ्ठी तो कारकून सहसा स्वीकारीत नाही.

कीलच्या गुस्ताफ मिखाएलिस या प्रसूतितज्ज्ञाने ती स्वीकारली. त्याने आपल्या इस्पितळात क्लोरिनने हात धुण्याचा परिपाठ सुरू केला. परंतु जिची प्रसूती त्याने स्वतः केली होती ती त्याची नात्यातली बहीण त्यापूर्वीच बाळंतज्वराने गेली होती. 1848 च्या ऑगस्टमध्ये त्याने आत्महत्या केली.