मंडळीची शीव कोठे संपते?

बडोद्याच्या जुन्या शहरात मांडवीपाशी उभे राहिले म्हणजे चार दिशांना चार रस्ते जाताना दिसतात. पश्चिमेस लहरीपुरा दरवाजा, पूर्वेस पाणी दरवाजा, उत्तरेस चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेस गेंडी दरवाजा. मध्यभागी मोगल अमदानीतील ही चौकोनी, कमानींची इमारत. मांडवी या शब्दाचा एक जुना अर्थ जकातीची जागा असा आहे. शास्त्र वाचणाऱ्याला हा अर्थ कळला की मत्तयाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तो जकातीच्या नाक्यावर बसला होता. प्रभूने त्याला तेथेच गाठले. आधी उठून सभास्थानात ये, आपले नाव लाव, मग पाहू, असे प्रभू म्हणाला नाही.

काही वर्षांपूर्वी मांडवीजवळच्या एका गल्लीत आम्हाला जावे लागले, आणि ज्या प्रश्नाविषयी आज लिहीत आहोत तो तेथे आमच्या गळ्यात पडला. एक बाई आमच्या उपासनेस येऊन मागच्या बाकावर बसत असत. नगर जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी आलेले कुटुंब. त्यांचे पती वारले तेव्हा त्यांनी दफनासाठी निरोप पाठविला. पंचकमिटी बसली. वहीत नाव नाही, मागच्या मंडळीचा दाखला आणलेला नाही, वर्गणी भरलेली नाही, असे निघाले. कोणी वाईट बोलले नाही. चौकशी करून ठरवू, एवढेच ठरले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. चौकशी होईपर्यंत दुसऱ्या एका मंडळीच्या पाळकांनी माती दिली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही समाचाराला गेलो. दारात शेजारच्या म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, तुम्ही यांच्या देवळातले का? दोन दिवस वाट पाहिली हो त्यांनी." पेटीला खांदा कोणी दिला होता? समोरच्या मुसलमान शिंप्याने, आजींच्या मुलाने आणि गल्लीतल्या आणखी दोघांनी. आम्ही त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकीत होतो. बाई चार वर्षे आमचे उपदेश ऐकत होत्या.

मंडळीची शीव कोठे संपते? नोंदवहीच्या शेवटच्या पानावर की शेजाऱ्याच्या दारापाशी? या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका इंग्रज पाळकाचे चरित्र उपयोगी पडले. त्याचा आपल्या बडोद्याशी संबंध आला होता.

रेजिनाल्ड हेबर यांचे नाव पुष्कळांना स्तोत्रकार म्हणून ठाऊक आहे. त्रैक्याच्या रविवारी जगभर गाइले जाणारे "पवित्र, पवित्र, पवित्र" हे स्तोत्र त्यांचेच. त्यांचा जन्म १७८३ चा. १८०७ मध्ये ते इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यातल्या हॉडनेट या खेड्याचे पाळक झाले. तेथील संत लूकचे मंदिर मध्ययुगातले असून त्याचा मनोरा अष्टकोनी आहे. हेबर यांना ही जागा गावाने निवडून दिली नव्हती. पाळक नेमण्याचा हक्क त्यांच्याच घराण्याकडे होता. आजच्या आपल्या विचाराने पाहिले तर ही वशिल्याची नेमणूकच म्हणावी लागेल. पण पुढे सोळा वर्षे त्यांनी त्याच खेड्यात काढली. तेथल्या मुलांचे बाप्तिस्मे केले, लग्ने लाविली, मयताला माती दिली. १८२३ मध्ये कलकत्त्याचे बिशप म्हणून त्यांना बोलावणे आले तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला होता.

हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी उत्तरेकडून राजपुतान्यामार्गे मुंबईपर्यंत लांबचा प्रवास केला. मार्च १८२५ मध्ये ते बडोद्यास पोहोचले. त्या वेळी गादीवर दुसरे सयाजीराव गायकवाड होते. छावणीत बांधलेल्या नव्या मंदिराचे हेबर यांनी समर्पण केले. उपासना रीतीप्रमाणे झाली यात शंका नाही. पण ते मंदिर छावणीचे, म्हणजे बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारांचे आणि शिपायांचे. मांडवीभोवतीचे शहर आपल्या जागी, छावणी आपल्या जागी. हॉडनेटला मंदिराभोवती गाव होते. येथे मंदिराभोवती पहारा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २६ मार्च रोजी, नडियाद येथे त्यांची व स्वामिनारायण संप्रदायाचे प्रवर्तक सहजानंद स्वामी यांची भेट झाली. ही हकीकत हेबर यांच्या प्रवासवृत्तात आहे. तो वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केला. स्वामींबरोबर सुमारे दोनशे घोडेस्वार होते, बहुतेक हत्यारबंद. बिशपसाहेबांबरोबरही पन्नासांहून अधिक स्वार आणि बंदूकवाले शिपाई. दोन धर्मगुरू अशा फौजा घेऊन एकमेकांस भेटतात हे पाहून हेबर यांना हसू आले आणि लाजही वाटली. पुढे त्यांनी जे लिहिले आहे ते लिहायला मोठे मन लागते. लढाईची वेळ आली असती तर आपले शिपाई शिस्तीमुळे भारी ठरले असते, पण नैतिक थोरवीत दोघांत फार अंतर होते, असा त्याचा भावार्थ आहे. कारण आपले शिपाई आपणास ओळखत नव्हते, हुकूम होता म्हणून ते राखण करीत होते. स्वामींचे लोक मात्र त्यांचे शिष्य होते, प्रेमाने आले होते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मेंढपाळ व मोलकरी यांतला भेद सांगितला आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना ओळखतो आणि ती त्याला ओळखतात. मोलकऱ्याला त्यांची काळजी नसते. हेबर यांनी त्या दिवशी हा अध्याय जणू स्वतःवर उलटा लावून पाहिला. हॉडनेटचा मेंढपाळ येथे मोलाच्या पहाऱ्यात फिरत होता आणि हे त्याला स्वतःला कळत होते.

येथे एक सावधगिरी हवी. प्रेमाने आलेली गर्दी नेहमी बरोबरच असते असे नाही. प्रेमापोटी हातात हत्यार घेणारी माणसेही असतात, आणि एखाद्या वक्त्याच्या मागे जाऊन मंडळ्या फुटल्याची उदाहरणे वाचकांनी पाहिली असतील. हुकमाला, नियमाला, नोंदीला निदान कोणाला तरी जाब द्यावा लागतो. तेव्हा नियम टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. आमच्या कमिटीतील एक वृद्ध सभासद म्हणाले तेही खोटे नव्हते: नियम मोडला की श्रीमंताचा आधी मोडतो, गरिबाचा कधीच नाही. दफनभूमीची जागाही थोडीच असते.

तरीसुद्धा नियमाला एकटे सोडले तर तो कोठवर जातो, हे त्याच इंग्रज खेड्यांच्या इतिहासात दिसते. तेथे १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम होता. १६०१ च्या कायद्याने आपल्या हद्दीतील गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली. किती चांगली गोष्ट! पण १६६२ मध्ये दुसरा कायदा झाला. बाहेरून आलेला गरीब माणूस आपल्यावर भार होईल असे वाटले तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठविण्याची सोय त्यात होती. मग दिवस भरलेल्या निराधार स्त्रियांनाही शिवेबाहेर घालविण्याचे प्रकार घडले, कारण मूल येथे जन्मले तर त्याचा खर्च येथे पडेल. मंदिराच्याच दालनात बैठका होत आणि हिशेब चोख असे. ते लोक दुष्ट होते असे नाही. ते वही राखत होते. हे वाचताना आम्हाला आमची बैठक आठवली आणि पुस्तक मिटावे लागले.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे पॅरिश हा शब्दच. तो मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ परक्या ठिकाणी, दुसऱ्यांच्या शेजारी वस्ती करून राहणे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांच्या पृथ्वीवरील प्रवासाला हाच शब्द आहे. म्हणजे ज्या नावाखाली परक्याला हाकलले, त्या नावाचा अर्थच परक्यांची वस्ती असा होता! आपण बडोद्याचे मराठी ख्रिस्ती तर दुहेरी परके. आपली भाषा गायकवाडांच्या मागोमाग या गुजराती मुलखात आली आणि आपण संख्येने मूठभर. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी एकदा दाखल्याशिवाय या शहरात उतरलेला आहे.

मग वही आणि शेजार यांचा मेळ कसा घालावा? आम्हाला जे उमगले ते असे. अधिकार कोठून मिळाला हा एक प्रश्न आहे, पण शेवटचा नव्हे. हेबर यांना हॉडनेट वशिल्याने मिळाले, तरी सोळा वर्षांच्या ओळखीने ते त्यांचे झाले. बडोद्यात त्यांचा अधिकार कितीतरी मोठा होता, पण ओळखीला वेळच मिळाला नाही. आम्हा पंचांना मंडळीने रीतसर मते देऊन निवडले होते. तरी ज्या बाई चार वर्षे आमच्यासमोर बसल्या त्यांचे घर आम्हाला ठाऊक नव्हते. तेव्हा नोंद ही ओळखीच्या मागून यावी. ओळखीच्या आधी नोंद मागणे म्हणजे मेंढराला कळपाचा दाखला विचारणे होय. वहीत नाव नव्हते हा दोष बाईंचा नव्हता. चार वर्षे कोणी वही घेऊन त्यांच्या दारी गेले नाही, हा दोष आमचा होता.

इंग्लंडातील खेड्यांत एक जुनी चाल आहे. स्वर्गारोहणाच्या सुमारास पाळक आणि गावकरी पॅरिशच्या शिवेवरून पायी फिरत. पोरांना बरोबर नेत, म्हणजे शीव पुढच्या पिढीच्या ध्यानात राहील. आपणही शीव फिरावी असे आम्ही सुचवितो, मात्र कोण बाहेर आहे हे ठरविण्यासाठी नव्हे, तर कोण आत राहून गेले आहे ते पाहण्यासाठी. मांडवीपासून चार रस्ते निघतात. चार वडीलजनांनी एकेक रस्ता घ्यावा आणि महिन्यातून एका संध्याकाळी, वर्गणीचे पुस्तक घरी ठेवून, चालत जावे. वाटेत त्या शिंप्याचे दुकान लागेल. त्याचे आभार मानायचे राहिले आहेत.

हेबर ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीस वारले. त्या सकाळी त्यांनी तेथील मंडळीला तमिळ भाषेत आशीर्वाद दिला होता. परक्या जिभेने बोललेले ते थोडेसे शब्द. पहाऱ्यातून बाहेर पडून ओळखीकडे टाकलेले ते एक पाऊल होते, असे आम्हाला वाटते.

बाई आजही उपासनेस येतात. आता त्यांचे नाव वहीत आहे. पण ज्या दिवशी ते लिहिले त्या दिवशी त्यांनी पुढच्या बाकावर बसण्यास नकार दिला. "मागंच बरं आहे," असे त्या म्हणाल्या. त्या का म्हणाल्या हे आम्ही विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांना बैठकीत गप्प बसण्याची सवय आहे, त्यांनी या उत्तरावर प्रार्थनापूर्वक विचार करावा, एवढीच विनंती.