मीटरपाशी उरणारे दोन आकडे

धारगळच्या एखाद्या बागायतीत पंप सुरू झाला की घरातले दिवे क्षणभर मंदावतात. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. लांबलांबच्या वाहिन्या, उपकेंद्रे, शेवटी गावचा ट्रान्सफॉर्मर. एवढा पसारा मीटरपाशी मात्र दोन आकड्यांत मावतो: एक व्होल्टेज आणि त्याच्यामागचा एक रोध (एसी असल्याने खरे तर इंपीडन्स, पण ढोबळ हिशेबाला रोध चालतो). समजा, सगळे बंद असताना 235 व्होल्ट दिसले आणि 10 अँपिअर ओढल्यावर 225 उरले, तर मागचा रोध 1 ओहम.

फ्रेंच तारखात्यातल्या थेवेनिनने दोन आकड्यांचे हे प्रमेय 1883 मध्ये मांडले. हेल्महोल्ट्झ 1853 मध्येच तिथे पोचला होता, तोही प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचा विचार करताना. मला यात संगती दिसते. स्नायू काय किंवा मैलोगणती तारा काय, आत शिरून मोजणे अवघड. हाती लागतात ती दोन टोके.

कागदावर पाहा. 12 व्होल्टची बॅटरी, तिला एकामागोमाग जोडलेले 6 आणि 3 किलोओहमचे रोधक. टोके 3 किलोओहमच्या दोन्ही बाजूंना. टोके मोकळी ठेवली तर तिथे 4 व्होल्ट मिळतात. बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पिली की दोन्ही रोधक समांतर होतात: 2 किलोओहम. आता टोकांना काहीही जोडा, 4 व्होल्ट आणि 2 किलोओहमचे सममूल्य मंडल अचूक उत्तर देते. पण टोके मोकळी असतानाही मूळ मंडलात 16 मिलिवॅट उष्णता होत असते आणि सममूल्य मंडल ती शून्य दाखवते. बाहेरचे सगळे खरे, आतल्या जळण्याचा पत्ता नाही. या प्रमेयाची ही बाजू वर्गात फार घाईने उरकली जाते, याचे मला वाईट वाटते.

मीटरमागेही असेच बरेच काही दडून राहते. गोवा-तमनार प्रकल्पाच्या 400 किलोव्होल्ट वाहिनीसाठी मोलेचे जंगल तोडण्याला गोव्यात मोठा विरोध झाला. ती वाहिनी आली काय, न आली काय, धारगळच्या मीटरमागचा रोध जवळपास तोच राहील, कारण त्यातला बहुतेक वाटा गावच्या ट्रान्सफॉर्मरचा आणि तिथून घरापर्यंतच्या तारांचा. मोलेतली झाडे त्या दोन आकड्यांत कुठेच नाहीत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिनी जुन्या 220 किलोव्होल्ट वाहिनीच्या पट्ट्यातून नेण्याचा पर्याय उचलून धरला, तेव्हा प्रश्न खांब कुठे उभे राहणार हाच होता.