देव्हारा उतरवला, आता हात कुणापुढे जोडायचे?



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके दिवशी वाचन संपल्यावर नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एका आजीबाईंनी मला विचारले, "गुरुजी, देव्हारा तर उतरवला. पण सकाळी उठल्यावर हात आपोआप जुळतात. आता ते कुणापुढं जोडायचे?" दोन-चार तरुण हसले. मला हसू आले नाही, कारण प्रश्न खरा होता.

आपल्या घरांत नव्या धान्याची पहिली भाकरी देवापुढे ठेवण्याची रीत होती. त्या रीतीमागे एक चांगली भावना होती. जे ताटात आले ते माझ्या एकट्याचे नव्हे, ही ती भावना. फक्त तिचा पत्ता चुकला होता. देव गेले म्हणून ती भावनाही घराबाहेर टाकायची काय?

येथे आपल्या समाजाच्या मनात एक काटा आहे. 'उपकार' हा शब्द ऐकला की तो सलतो. मी बी. ए. झालो तेव्हा आजोबा पेढे घेऊन मळ्याच्या मालकाकडे गेले होते. मालक म्हणाले, "आमच्याच अन्नावर पोर शिकलं. उपकार विसरू देऊ नको त्याला." आजोबांनी हात जोडले. तीस वर्षे त्या मळ्यात राबलेला माणूस हात जोडत होता! बलुत्याचेही तेच झाले. गावाची कामे करून मिळवलेल्या भाकरीला भीक म्हटले गेले आणि वर तिचे उपकार मानायला लावले. त्यामुळे आम्ही शिकलेली पोरे म्हणू लागलो, "आम्ही कुणाचे काही देणे लागत नाही." मीही कित्येक वर्षे तेच म्हणत होतो.

परंतु तथागतांचा शब्द वेगळा आहे. जगात दोन माणसे दुर्मीळ, असे त्यांनी सांगितले : एक, आपण होऊन प्रथम दुसऱ्याचे भले करणारा, आणि दुसरा, कतञ्ञू व कतवेदी. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी काय केले गेले ते जाणणारा. कतवेदी म्हणजे ते कृतीने दाखविणारा. यात जाणणे आधी आहे, हे लक्षात घ्या. कोणी कोणासाठी काय केले याचा खरा हिशेब मांडल्याशिवाय कृतज्ञता नाही. तो हिशेब मांडला की मालकाचे उपकार पुसले जातात, उलट आजोबांचीच बाकी निघते. लाचारीत हा हिशेब मांडताच येत नाही. म्हणून लाचारी आणि कृतज्ञता या बहिणी नव्हेत, वैरिणी आहेत.

संबोधीनंतर भगवान बुद्ध एक सप्ताह बोधिवृक्षाकडे अनिमिष नेत्रांनी पाहत राहिले, असे परंपरा सांगते. त्यांनी झाडाकडे काही मागितले नाही. ज्याच्या सावलीत बसलो त्याला विसरायचे नाही, एवढेच.

आता आपल्या नाशिकचाच हिशेब पाहा. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खटपटीने हजारो माणसे जमली. मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले; त्यांत स्त्रियाही होत्या. मार खाल्ला, तुरुंग भोगला. लढा वर्षानुवर्षे चालला. आज काही जण विचारतात, "आपण बौद्ध झालो, मग रामाच्या दारात बसलेल्यांची आठवण कशाला?" अहो, ते रामासाठी बसले नव्हते, माणुसकीच्या हक्कासाठी बसले होते. ते दार उघडले नाही, म्हणूनच 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतर 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूर. दरवाजावर बसलेल्या त्या बायांपैकी कितींची नावे आपल्याला सांगता येतात?

त्रिरश्मी लेणीवर जाल तेव्हा राजाराण्यांचे मोठे शिलालेख पाहाच. पण मुगुदास नावाच्या एका कोळ्याने परिवारासह लेणे दान दिले, तोही लेख तेथे आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, तेही दगडात कोरलेले आहे. साध्या माणसांनीही धम्मासाठी आपला वाटा उचलला आणि लेणीने त्यांची नावे जपली.

मग रोज काय करावे? आभारप्रदर्शन नव्हे. आपल्या सभांत आभारप्रदर्शन सुरू झाले की लोक चपला शोधू लागतात! आमच्या घरी संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर प्रत्येकाने एक माणूस सांगायचा, ज्याच्या कष्टामुळे आजचा दिवस गेला. नाव ठाऊक नसेल तर काम सांगायचे. मुलगा एकदा म्हणाला, "घंटागाडीवाले काका." दुसऱ्या दिवशी ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. तेवढे पुरे. नुसते नाव घेऊन कृती केली नाही तर वर्षभरात त्याचीही आरती होईल. बाबासाहेबांच्या प्रतिमेला रोज हार घालायचा आणि पोरीची शाळा सातवीत सोडवायची, याला मी कृतज्ञता म्हणणार नाही.

हे दुसऱ्याला सांगणे सोपे आहे. आमच्याच घरी माझी थोरली बहीण सातवीनंतर शाळेतून काढली गेली. आई द्राक्षबागेत रोजंदारीला जाई, धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हते. तिने चूल सांभाळली म्हणून मी पदवीपर्यंत पोहोचलो. माझ्या सत्कारात मी प्राध्यापकांचे, मित्रांचे आभार मानले. ती मागे चहाचे कप विसळत होती, तिचे नाव माझ्या तोंडी आले नाही. आमच्या संध्याकाळच्या रिवाजात तिचे नाव प्रथम घेतले ते माझ्या मुलीने, मी नव्हे. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

आजीबाईंना मी एवढेच म्हणालो, "हात जोडा, पण कुणासाठी ते आधी ठरवा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी जोडते. पहाटे पाण्याला तीच उठते." दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच हंडा घेऊन नळावर दिसू लागल्या.

बहिणीने यंदा दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. मराठी तिला चांगले येते, गणिताला मात्र ती घाबरते. सध्या वंदना झाल्यावर आम्ही दोघे अपूर्णांक सोडवीत बसतो.

नमो बुद्धाय. जय भीम.