दारावरील विक्रेता आणि आपलें ‘नाहीं’

गेल्या उन्हाळ्यांतील एका दुपारची गोष्ट सांगून ह्या लेखास आरंभ करतों. गोष्ट लहान आहे, पण तिनें मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केलें. जेवण आटोपून मी आंतल्या खोलींत अंमळ पडलों होतों. इतक्यांत दारावर थाप पडली. खिडकींतून पाहिलें, तों खांद्यावर जड पिशवी घेतलेला एक तरुण उन्हांत उभा होता. हाच गृहस्थ पूर्वीं दोन वेळां येऊन गेला होता, व दोन्ही वेळां ‘‘मग पाहूं’’ असें म्हणून मीं त्यास वाटेस लावलें होतें. आतां पुन्हां त्याचें लांबलचक बोलणें ऐकणें माझ्या जिवावर आलें. मीं माझ्या सात वर्षांच्या मुलीस हळूच म्हटलें, ‘‘जा, बाबा घरीं नाहींत म्हणून सांग.’’ ती गेली, तिनें तसें सांगितलें, आणि लगेच परत येऊन चांगल्या मोठ्या आवाजांत मला विचारलें, ‘‘बाबा, ते विचारतात, तुम्ही केव्हां येणार? काय सांगूं?’’

बाहेरच्या तरुणानें तें ऐकलें असलेंच पाहिजे. तो कांहीं बोलला नाहीं; पिशवी उचलून निघून गेला. घरांतील मंडळी हसली. मलाही हसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं. मुलीनें लबाडी केली नव्हती. लबाडी माझी होती. मीं ती तिच्या तोंडीं घातली, आणि ती तिला नीट वाहतां आली नाहीं, इतकेंच.

दारावर आलेल्या चिकट विक्रेत्याशीं कसें वागावें, हा प्रश्न कोणास क्षुद्र वाटेल. परंतु मनुष्याच्या सत्यप्रीतीची परीक्षा न्यायालयांतील साक्षीच्या पिंजऱ्यांत क्वचित् होते. घराच्या उंबऱ्यावर ती रोज होते. अशा प्रसंगीं आपण बहुधा तीनपैकीं एका वाटेनें जातों. कोणी खोटें सांगतो. कोणी त्या मनुष्यावर खेकसतो व त्याच्या तोंडावर दार लावतो. आणि कोणी, विशेषतः भिडस्त स्वभावाचा, नको असलेली वस्तु घेऊन मोकळा होतो व नंतर रात्रभर हळहळतो. ह्या तिन्ही वाटा दिसावयास वेगळ्या असल्या तरी त्यांचें मूळ एकच आहे. ‘नाहीं’ हा शब्द शांतपणें व सरळ उच्चारण्याची आपणांस भीति वाटते.

ही भीति कोठून येते? दारीं आलेल्यास विन्मुख पाठवूं नये, हा आपल्या लोकांतील संस्कार फार जुना आहे व तो चांगलाही आहे. परंतु पाहुणा, भिक्षेकरी व विक्रेता ह्यांत भेद आहे. पाहुणा आसरा मागतो, भिक्षेकरी घांस मागतो, विक्रेता सौदा मागतो. सौदा हा उभयतांच्या राजीखुशीनें व्हावयाचा असतो. जेथें एका पक्षास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक नाहीं, तेथें सौदा नसून वसुली असते. म्हणून विक्रेत्यास तांब्याभर पाणी देणें हा आपला धर्म आहे. त्याचा माल घेणें हा नव्हे. ह्या दोन गोष्टी आपण एकींत एक मिसळतों, आणि चतुर विक्रेता नेमका त्याच मिसळीवर आपला धंदा चालवितो.

फिरते विक्रेते गांवास नवे नाहींत. बांगड्या भरणारा कासार येई, भांड्यांस कल्हई लावणारा येई, घोंगडीं घेऊन धनगर येई. घासाघीस होई, उधारी राही, कधीं शब्दास शब्दही लागे. परंतु त्या मनुष्यास पुढल्या वर्षीं त्याच आळींत, त्याच दारीं यावयाचें असे, आणि हीच त्याच्या सचोटीची राखण होती. हल्लीं येणारा विक्रेता पुष्कळदां असा असतो कीं, तो आज दिसला म्हणजे पुन्हां दिसेलच असें नाहीं. ज्यास परत यावयाचें नाहीं, त्याच्या बोलण्यास जामीन कोण?

आमच्या आळींतील एका बाईंची हकीकत ह्या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. यजमान शेतावर गेले असतां दोघे जण पाणी शुद्ध करण्याचें यंत्र घेऊन आले. त्यांनीं एका पेल्यांत घरच्या विहिरीचें पाणी व दुसऱ्यांत आपल्या यंत्राचें पाणी घेतलें, आणि दोहोंत धातूच्या सळया असलेलें एक उपकरण बुडवून वीज चालू केली. मिनिटाभरांत विहिरीचें पाणी तांबूस झालें व त्यावर गाळ तरंगूं लागला. यंत्राचें पाणी स्वच्छच राहिलें. ‘‘ताई, हेंच तुमचीं लेंकरें रोज पितात,’’ असें ते म्हणाले. त्या बाईंचें धाकटें मूल त्या महिन्यांत दोनदां पोट बिघडून आजारी पडलें होतें. त्यांना दुसरें कांहीं सुचेना. पेरणीच्या बियाण्यासाठीं डब्यांत ठेवलेले चार हजार रुपये त्यांनीं काढून दिले व राहिलेल्या हप्त्यांच्या कागदावर सही केली. त्या वर्षीं बियाणें व्याजाच्या पैशानें आलें.

आतां त्या चमत्काराचें खरें कारण ऐका. उपकरणाच्या सळया लोखंडाच्या असतात. पाण्यांत क्षार असले म्हणजे त्यांतून वीज वाहते, सळईचें लोखंड झिजून पाण्यांत उतरतें व त्याचा तांबूस गंज बनतो. विहिरीच्या पाण्यांत क्षार स्वभावतःच असतात. यंत्राच्या पाण्यांतील क्षार काढून टाकलेले असल्यामुळें त्यांतून वीज जवळ जवळ वाहत नाहीं, म्हणून तें तसेंच राहतें. त्या स्वच्छ पेल्यांत चिमूटभर मीठ टाकलें असतें, तर तोही तांबूस झाला असता. तो गाळ विहिरींतला नव्हता, सळईंतला होता. पाण्यांत रोगाचे जंतु आहेत किंवा नाहींत हें ह्या प्रयोगानें मुळींच कळत नाहीं. तें प्रयोगशाळेंत पाणी तपासून कळतें, आणि शंका असेल तोंवर पाणी उकळून पिणें हा उपाय प्रत्येक चुलीपाशीं आहे. यंत्र वाईट असतें असें माझें म्हणणें नाहीं. कित्येक ठिकाणीं त्याची गरजही असते. परंतु आईच्या काळजीस भीतीची फुंकर घालून जो सौदा केला जातो, तो माल चांगला असला तरी अन्यायाचाच होय.

भीति हें पहिलें शस्त्र झालें. दुसरें शस्त्र उपकाराचें. विक्रेता एखादी लहानशी वस्तु फुकट हातांत ठेवतो, किंवा सगळा माल ओसरीवर मांडून ठेवतो व म्हणतो, ‘‘मावशी, एवढें दाखविलें, आतां एक तरी घ्या.’’ आपण त्यास मांडावयास सांगितलें नव्हतें, हें त्या क्षणीं आठवत नाहीं. तिसरें शस्त्र घाईचें: ‘‘ही सवलत फक्त आजच.’’ जी वस्तु आज उपयोगाची आहे ती आठ दिवसांनींही उपयोगाची असेल. विचार करण्यास जो अवधि देत नाहीं, त्यास आपण विचार करावा हेंच नको असतें. आणि दागिन्यांस झिलई देतों म्हणून येणारे तर विक्रेते नसून पुष्कळदां चोरच असतात. सोनें विरघळविणारीं तीव्र आम्लें आहेत. त्यांत बुडविलेला दागिना चकचकीत होऊन परत येतो, पण वजनानें घटलेला असतो.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, ‘‘जे आम्हांस फसवावयास येतात, त्यांच्याशीं आम्हीं खरें बोलण्याचें काय कारण?’’ ह्या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे. प्रथम असें पाहा कीं, दारावर येणारा प्रत्येक जण ठक नसतो. पुष्कळ जण शिकलेले पण नोकरी न लाभलेले तरुण असतात. कित्येकांस ठराविक पगार नसतो. जितका माल खपेल तितकी दलाली. पहिल्या ‘नाहीं’वर परत फिरूं नये, असें त्यांस शिकवून पाठविलेलें असतें. फिरून विकणें हा कांहीं गुन्हा नव्हे. शहरांतील पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा जो कायदा आपल्या देशांत २०१४ मध्यें झाला, त्यांत जागोजाग हिंडून विकणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. अशा मनुष्यास ‘‘मग पाहूं’’ म्हणणें ही दया नव्हे. आपण त्याच्या मनांत खोटी आशा पेरतों, व तिच्या मागें त्याची दुसरी फेरी, तिसरी फेरी फुकट जाते. आपल्या भिडस्तपणाची किंमत त्याचे पाय देतात. सरळ नकार हा त्याच्या वेळेचा मान आहे.

आणि तो खरोखर ठक असला तरी काय? सत्य हें समोरच्याच्या लायकीप्रमाणें मोजून द्यावयाचें माप असेल, तर आपणांस प्रत्येक वेळीं एखादा नालायक मनुष्य सांपडेलच. शिवाय माझें खोटें त्या विक्रेत्याजवळ राहिलें नाहीं. तो आपल्या वाटेनें गेला. तें राहिलें माझ्या मुलीजवळ. ठकाशीं ठक झाल्यानें ठकाचें फारसें कांहीं जात नाहीं. घरांतल्या लेंकराचें जातें.

दुसरा एक आक्षेप आपल्याच मंडळींतून येतो. मध्यरात्रीं मित्राचें दार ठोठावणाऱ्या मनुष्याची व न्यायाधीशाचा पिच्छा पुरविणाऱ्या विधवेची गोष्ट आपण पुष्कळदां ऐकतों. मग चिकाटीस दोष कां द्यावा? भेद हा आहे कीं, तो मित्र पाहुण्यासाठीं भाकर मागत होता, व ती विधवा आपला हक्क मागत होती. त्यांची गरज खरी होती व ती त्यांनीं उघड सांगितली. चिकट विक्रेता स्वतःची गरज लपवितो, आणि आपल्या ठायीं जी गरज नाहीं ती निर्माण करितो.

येथें, बंधूंनो, आपण स्वतःकडेही पाहिलें पाहिजे. पूर्वीं ह्या प्रांतांत पुस्तकांची झोळी खांद्यावर घेऊन कॉलपोर्टर दारोदार फिरत असत, आणि आजही आपल्यापैकीं कित्येक जण वचन घेऊन लोकांच्या उंबऱ्यावर उभे राहतात. अमेरिकेंत १९३१ मध्यें ग्रीन रिव्हर नांवाच्या एका लहानशा शहरानें, न बोलावतां घरोघर विकावयास जाणें हा अपराध ठरविला, व पुढें अनेक गांवांनीं तसेच नियम केले. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९५१ मध्यें अशा नियमास मान्यताही दिली. परंतु त्याच न्यायालयानें १९४३ मध्यें, दाराची घंटा वाजवून धर्माचीं पत्रकें देण्यास सरसकट बंदी करणारा एका शहराचा नियम रद्द केला होता. कारण कोणास दारांत उभें करावें हें नगरपालिकेनें नव्हे, तर घरधन्यानें ठरवावयाचें आहे. ह्याचा अर्थ असा कीं, ठोठावण्याची मोकळीक व ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक ह्या एकाच दाराच्या दोन फळ्या आहेत. शिष्यांस जेव्हां गांवोगांव पाठविलें, तेव्हां जेथें स्वागत नाहीं तेथून निघून जाण्याचीही आज्ञा त्यांस होती. आपण ज्या उंबऱ्यावर नकार ऐकूनही हटत नाहीं, तेथें आपणही चिकट विक्रेतेच होतों, मग झोळींत काय आहे हा प्रश्न राहत नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. नकार थोडक्यांत द्यावा: ‘‘आम्हांस घ्यावयाचें नाहीं, पुन्हां येण्याची तसदी घेऊं नका.’’ कारण सांगत बसूं नये. एक कारण सांगितलें कीं त्याचें एक उत्तर तयार असतें, आणि सौदा वादांत शिरतो. नको असल्यास माल मांडूंच देऊं नये. घरांत एकटें असणाऱ्यांनीं दारांतच बोलावें. दागिना कोणाच्याही हातीं देऊं नये. हप्त्याच्या कागदावर त्याच दिवशीं सही करूं नये. एक रात्र जाऊं द्यावी व घरांत विचार घ्यावा. कांहीं घेतलेंच तर नांव, पत्ता व किंमत असलेली पावती घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं डिसेंबर २०२१ मध्यें थेट विक्रीचे नियम झाले आहेत. थेट विक्रीच्या कंपनीच्या विक्रेत्यानें ओळखपत्रावांचून, तसेंच आधीं वेळ ठरविल्यावांचून अथवा संमति घेतल्यावांचून, ग्राहकाच्या घरीं जाऊं नये, व आपण कोण आणि कशासाठीं आलों हें आरंभींच खरें सांगावें, असें त्यांत आहे. हे नियम प्रत्येक फेरीवाल्यास लागत नाहींत, पण ओळखपत्र मागण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं. फसगत झाल्यास १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार सांगतां येते. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, फसलेल्यानें लाजेनें गप्प राहूं नये. आमच्या आळींतल्या त्या बाईंनीं धैर्य करून चार जणींस सांगितलें, म्हणून पुढल्या आठवड्यांत तेंच उपकरण घेऊन ते दोघे आले तेव्हां कोणाचा डबा उघडला नाहीं.

माझ्या गोष्टीचा शेवट राहिला आहे. पंधरा दिवसांनीं तो तरुण आमच्या रस्त्यानें जातांना दिसला. ह्या वेळीं तो आमच्या दाराकडे वळला नाहीं. मीं मुलीस बरोबर घेऊन बाहेर जाऊन त्यास हांक मारली. पाणी दिलें, आणि म्हटलें, ‘‘त्या दिवशीं मी घरींच होतों. खोटें मीं सांगावयास लावलें, हिचा त्यांत दोष नाहीं. तुमचा माल आम्हांस नको आहे, आज नको व पुढेंही नको.’’ तो किंचित् हसला व म्हणाला, ‘‘काका, एवढें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें, तर माझे दोन हेलपाटे वाचले असते.’’ पाणी पिऊन तो पुढल्या घराकडे गेला. मुलगी त्याच्याकडे पाहत राहिली, मग मला म्हणाली, ‘‘बाबा, ते रागावले नाहींत.’’

इतकीं वर्षें ज्या रागास मी भीत होतों, तो आलाच नाहीं.