मोहोर खरी, पत्र खोटे

बीदरला गेलो की आम्ही आधी किल्ला पाहतो आणि मग महमूद गावानच्या मदरशापाशी येतो. 1472 मध्ये बांधलेली ही तीन मजली वास्तू. चौकाभोवती वर्गाची दालने, मशीद, ग्रंथालय, शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खोल्या. दर्शनी बाजूचा एकच मनोरा आज उभा आहे. त्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या लाद्यांची थोडी नक्षी शिल्लक आहे.

पडकी भिंत पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, ही कोणी पाडली? नजर लगेच परका शोधू लागते. पण इथे 1696 मध्ये, मोगल अमलात, दारूच्या स्फोटाने दुसरा मनोरा आणि दर्शनी भाग कोसळला. परका सापडत नाही, आणि आम्ही गप्प होतो.

खुद्द गावानचे काय झाले? इराणातील गीलानहून आलेल्या या वजिराने बहमनी राज्य कोकण-गोव्यापर्यंत वाढवले. दरबारातील विरोधकांनी त्याच्या मोहोरेचे बनावट पत्र तयार केले. मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही, असे तो सांगत राहिला. सुलतान मुहम्मद शाह तिसरा याने चौकशी केली नाही. 1481 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराचा शिरच्छेद झाला. वर्षभरात पस्तावलेला सुलतानही गेला आणि पुढे राज्याची पाच शकले झाली.

कोणी फासिक खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे. सुलतानाला हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक तर आम्हालाही आहे. आमच्या मुलांना नुसत्या संशयावरून पकडले की आम्ही पुरावा मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण आमच्याच मोहल्ल्यात कुणी लिहिणाऱ्याला, प्रश्न विचारणाऱ्या बाईला मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरावरून ‘दीनचा दुश्मन’ ठरवले जाते, तेव्हा त्यांची बाजू ऐकायला आमच्यातले किती जण जातात?

इन्साफ आपल्यापुरता मागितला तर तो हक्क ठरतो. तो आपल्याला न आवडणाऱ्यालाही दिला, तरच त्याला ईमान म्हणता येईल. वारसा जपायचा तर मनोऱ्याची डागडुजी हवीच. पण गावानला जी एक चौकशी मिळाली नाही, ती निदान शेजाऱ्याला मिळावी, एवढे तर आमच्या हातात आहे.